“सर, आकाशात रेल्वे जाऊलालीय!”

नंदगडच्या पलीकडच्या एका खेड्यातून गेल्या आठवड्यात मला एक व्हिडिओ आला. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. थ्री फेज करंट रात्रीचा, म्हणून पहाटे उसाला पाणी फिरवायला गेला होता. वर बघतो तर पंचवीसभर दिवे, एकामागं एक, सरळ रेषेत, आवाज न करता चाललेले. व्हिडिओखाली लिहिलं होतं, “सर, आकाशात रेल्वे जाऊलालीय!” दुपारी सावकाशीनं खरा प्रश्न आला: “काका म्हणतात त्या उडत्या तबकड्याच. मी हसलो त्यांना. पण सर, एवढं मोठं विश्व, त्यात आपण एकटेच कसे असू? आणि दुसरे कोण असतील तर ते इथं येत नसतील कशावरून?”

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं उत्तर देत आलोय. या वेळी सगळं एकत्र लिहितो. खानापूर तालुक्यात मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. थंडी पडली की पोरांना घेऊन जांबोटीच्या माळावर जायचो, कार्बोरंडमची पूड लावून हातानं घासलेल्या सहा इंची आरशाची दुर्बीण बरोबर असायची. आकाशात ‘कायतरी’ दिसलं की लोक अजूनही मला फोन करतात. मी तारीख, वेळ, दिशा वहीत लिहून घेतो. अशा तीन वह्या भरल्यात. त्यांवरून माझं एक मत झालंय, ते आधीच सांगून टाकतो. या प्रकरणाची किल्ली अंतरात आहे. तबकड्या दिसतात त्या आपल्या डोळ्याला अंतर कळत नाही म्हणून. आणि परग्रहवासी दारात येत नाहीत ते अंतर खरोखरच तेवढं आहे म्हणून.

आधी रेल्वेचा निकाल लावू. ते स्टारलिंकचे उपग्रह. स्पेसएक्स कंपनीनं मे २०१९ मध्ये एकाच रॉकेटमधून ६० उपग्रह सोडले, तेव्हापासून जगभर लोकांनी हीच रेल्वे पाहिली आहे. आता एका खेपेला वीस-पंचवीस जातात. रॉकेटमधून सुटल्यावर पहिले काही दिवस ते खालच्या कक्षेत, कारखान्याच्या वाटेवरल्या उसाच्या बैलगाड्यांसारखे एकामागं एक असतात. मग हळूहळू साधारण ५५० किलोमीटर उंचीवर चढतात आणि रांग विस्कटते. त्यामुळे महिन्याभरानं त्याच बांधावर उभा राहिलास तरी तीच रांग तुला दिसायची नाही.

पहाटेच का दिसली, हे समजून घे, कारण निम्म्या तबकड्यांचं मूळ इथेच आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली संध्याकाळी उभा राहिलायस का कधी? गावातून ऊन गेलेलं असतं, बुरुजावर मात्र अजून शेवटची तिरीप असते. उपग्रह म्हणजे ५५० किलोमीटर उंचीचा बुरूज. आपल्याकडे काळोख असतो, त्याच्यावर ऊन पडलेलं असतं, आणि आपल्याला दिसतो तो त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश. त्याचा स्वतःचा दिवा नसतो. चालता चालता तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्य आकाशातच विझतो. “सर, बघता बघता गायब झाला,” हे वाक्य माझ्या वहीत इतक्या वेळा आहे की आता मी नुसता ‘सा’ लिहितो. सा म्हणजे सावली.

याच बुरुजानं अमेरिकेतही लोकांना वेड लावलं होतं. १९५५ साली त्यांचं यू-टू हे हेरगिरीचं विमान उडायला लागलं. तेव्हाची प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवरून जात, हे साठ हजारांच्या वर. खालच्या वैमानिकाच्या खिडकीबाहेर काळोख, आणि डोक्यावर खूप उंच काहीतरी पेटल्यासारखं झळाळतंय. लोक तबकडीची तक्रार करायचे. खरं कारण हवाईदलाला ठाऊक असायचं, पण विमानच गुप्त, सांगणार कसं? सीआयएच्या स्वतःच्या इतिहासात हे नोंदलेलं आहे. सरकार काहीतरी लपवतंय, हा लोकांचा संशय त्या काळी खराच होता. लपवलं होतं ते विमान.

वहीत सगळ्यात जास्त पानं शुक्रानं खाल्ली आहेत. गंमत म्हणजे जुन्या शेतकऱ्याचा शुक्रासाठी फोन कधी येत नाही. मोटेच्या काळापासून तो शुक्राची चांदणी बघून उठतो. फोन येतो तो शहरात राहून सुट्टीला गावी आलेल्या माणसाचा. चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात शुक्राएवढं तेजस्वी काही नाही, आणि काळ्या आकाशात एकट्या ठिपक्याकडे टक लावून बघितलं की तो हलल्यासारखा वाटतो. हलतात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या. त्यात मोबाइल काढून झूम केलं की फोकस सुटतो आणि ठिपक्याची मोठी, कडा चमकणारी, मध्ये डाग असलेली चकती होते. झाली तबकडी! हिवाळ्यात व्याधाचा तारा क्षितिजाजवळ असला की लाल-हिरवा-निळा असा चमचमतो, त्याचेही फोन येतात. तो रंगांचा खेळ आपल्याच हवेचा.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. चौकटीत कुठे रस्त्याचा दिवा असेल तर भिंगाच्या आत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि बरोबर समोरच्या बाजूला, आकाशात, एक फिकट दिवा उमटतो. तपासायची रीत सोपी आहे. फोन थोडा डावीकडे-उजवीकडे फिरव. खरा दिवा चौकटीत एका बाजूला सरकला की हा दुसऱ्या बाजूला पळतो. नुसत्या डोळ्यानं बघितलास तर तिथे काहीच नसतं. लग्नाच्या मांडवातले असले व्हिडिओ मला किती आले, हिशेब नाही.

लोकांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. २०१२-१३ मध्ये लडाखला पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या जवानांनी आकाशातल्या दोन प्रकाशांच्या महिनोन् महिने नोंदी ठेवल्या. चीनचे ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, तेव्हा एक गुरू आणि एक शुक्र निघाला. डोळ्यात तेल घालून पहारा करणाऱ्यांचं असं होतं, तर उसात पाणी फिरवणाऱ्याचं झालं तर काय नवल?

आणि माझंही झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरात, मिथुन राशीतल्या उल्का बघायला कणकुंबीकडच्या एका माळावर आम्ही पंधरा-सोळाजण होतो. वर पातळ ढग आले होते. अकराच्या सुमाराला झाडांच्या शेंड्यांवर एक फिकट गोल दिसला. परातीएवढा. तो संथपणे एका बाजूला जायचा, थबकायचा, परत यायचा. पोरं गप्प झाली. मी सर, सगळे माझ्याकडे बघूलालेत, आणि माझ्या तोंडून आलं, “हे काहीतरी वेगळंच आहे रे.” मला वाटलं, फार तर दोन शेतांच्या अंतरावर असेल. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी घाटाखालून येणाऱ्या दूधवाल्यानं सहज सांगितलं की पलीकडच्या गावात जत्रा होती आणि पहिल्यांदाच आकाशात फिरणारा मोठा लाइट आणला होता. त्याचा झोत ढगाच्या तळाला लागत होता, एवढंच. झोत बाजूनं दिसला नाही, कारण मधे डोंगर. दोन शेतं म्हणालो ते अंतर निघालं दहा-बारा किलोमीटर. मागं-पुढं झाड नाही, घर नाही, मोजायला काहीच नाही, तेव्हा आपला मेंदू अंतर स्वतःच ठरवून टाकतो, आणि अंतर चुकलं की आकार चुकतो, आकार चुकला की वेगही चुकतो. दोन शेतांवरची परात आणि दहा किलोमीटरवरचा ढगाचा पट्टा डोळ्याला सारखेच.

तेव्हापासून मी कुणालाच “केवढा होता?” असं विचारत नाही. “हात लांब करून बोट धरलं असतं तर किती बोटं झाकला असता?” असं विचारतो. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळी १ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश, म्हणजे करंगळीच्या नखाआड तो सहज लपतो. हे सांगितलं की लोक वाद घालतात, मग पौर्णिमेला बघून येतात आणि गप्प बसतात.

‘उडती तबकडी’ हा शब्दसुद्धा असाच चुकीतून आलाय. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. तो त्यांच्या चालीबद्दल बोलला होता, पाण्यावर बशी भिरकावली की टप्पे घेत जाते तशी. वर्तमानपत्रांनी बशी उचलून वस्तूच्या आकाराला चिकटवली. आणि त्यानंतर लोकांना बशाच दिसायला लागल्या! हे मला फार बोलकं वाटतं. परग्रहवासीयांनी आपली यानं वार्ताहराच्या चुकीप्रमाणे घडवून घेतली असतील, असं तर होणार नाही.

अमेरिकेच्या हवाईदलानं पुढे ‘ब्लू बुक’ नावानं १९६९ पर्यंत या तक्रारी तपासल्या. एकूण १२,६१८. त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. तबकडीवाले हा ७०१ चा आकडा झेंड्यासारखा नाचवतात. पण उलगडा झाला नाही म्हणजे माहिती अपुरी पडली, इतकाच त्याचा अर्थ. पोलीस ठाण्यातही न लागलेल्या चोऱ्यांचा तपास बंद होतो. त्या चोऱ्या भुतानं केल्या असं कुणी लिहीत नाही. पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, २०२० मध्ये नौदलाच्या विमानांतले तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले केले, त्यानंतर या विषयाला पुन्हा ऊत आला. २०२३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे एका माजी अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की सरकारकडे परग्रहावरची यानं आहेत. वस्तू मात्र कुणी दाखवली नाही. पेंटागॉनच्याच खास कार्यालयानं मार्च २०२४ च्या अहवालात म्हटलं की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये इम्फाळ विमानतळाजवळ काहीतरी दिसलं म्हणून विमानं थांबवली, हवाईदलानं राफेल पाठवलं, हाती काही लागलं नाही. ते अज्ञातच राहिलं. राहू दे की.

याच्या उलट २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ बघ. चंद्रपूरकडे आकाशातून पेटते निखारे ओळीनं जाताना हजारोंनी पाहिले. त्या रात्री काय काय बोललं गेलं ते विचारू नकोस. पण सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आसपास धातूचे गोळेही मिळाले. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परत आला त्याचे हे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं. आकाशातून खरी वस्तू येते तेव्हा ती अशी येते. मागे कडं ठेवून जाते, हातात धरता येतं, वजन करता येतं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे. दुसरे कोणी असतील तर येत नसतील कशावरून?

बेळगावात बोगारवेसला भर चौकात एक मोठा नारळ ठेव. तो आपला सूर्य. याच मापानं पृथ्वी म्हणजे नाचणीचा एक दाणा, नारळापासून १५ मीटरवर. सगळ्यात लांबचा ग्रह नेपच्यून साडेचारशे मीटरवर, वाटाण्याएवढा. इथवर सगळं एका बाजारपेठेत मावतं. आता सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ठेवायचाय. प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे तिथला प्रकाश इथे पोचायला सव्वाचार वर्षं. या मापात तो बोराएवढा. ठेवायचा कुठे? धारवाडला? बेंगळुरूला? दिल्लीला? नाही. ४,००० किलोमीटरवर, सिंगापूर ओलांडून पुढे. मधे काही नाही.

याच चौकात प्रकाश सोडला तर तो मुंगीच्या चालीनं जातो, सेकंदाला तीन सेंटीमीटर. नारळापासून नाचणीपर्यंत पोचायला मुंगीला आठ मिनिटांच्या वर लागतात. आणि विश्वात मुंगीच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. आपण सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान १९७७ पासून सेकंदाला १७ किलोमीटरनं धावतंय, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट. बोगारवेसच्या मापात ते दिवसाला वीतभरही सरकत नाही. इतक्या वर्षांत ते बेळगावातल्याच टिळकवाडीच्या आसपास पोचलंय. सिंगापूरपलीकडचं बोर गाठायचं तर या वेगानं सुमारे ७५,००० वर्षं.

“सर, ते आपल्यापेक्षा पुढारलेले असतील की,” असं इथे प्रत्येक पोरगा म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. असतील. प्रकाशाच्या एक दशांश वेगानं येणारं यान त्यांच्याकडे आहे असं धरू. तर एक किलो, नुसतं एक किलो, त्या वेगाला न्यायला साडेबारा कोटी युनिट वीज लागते. आपल्या कारवारचा कैगा प्रकल्प ८८० मेगावॉटचा. तो पूर्ण ताकदीनं सहा दिवस चालवला तर एवढी वीज होते. हे वाया काहीच गेलं नाही असं धरून. इंधनाचं वजन धरलंच नाही. एका साध्या मोटारीएवढ्या वजनाला १६ वर्षं कैगा. आणि इथे येऊन थांबायचं असेल तर वेग मारायलाही पुन्हा तेवढंच. हा हिशेब आपल्या अडाणीपणाचा नाही, वस्तुमान आणि वेगाचा आहे. तो त्यांनाही चुकत नाही. एवढा खर्च करून यायचं आणि मग कुणाच्या तरी शेतावर दिवे लावून, दोन मिनिटं थांबून, फोटो धड येणार नाही याची काळजी घेऊन परत जायचं, हे मला पटत नाही.

तरी मी याला ‘अशक्य’ म्हणणार नाही. घाई नसेल तर गोष्ट बदलते. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्यानं, पिढ्यान् पिढ्या किंवा नुसती यंत्रं पाठवत कोणी निघालं तर एक कोटी वर्षांत ती पार होते. आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांच्या वर. म्हणजे वेळ भरपूर होता. १९५० मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जेवताना एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञानं जो प्रश्न टाकला तो हाच: मग कुठे आहेत सगळे? तबकडीवाले आणि आम्ही दोघेही या प्रश्नापुढे अडखळतो. माझं उत्तर, ते फारच थोडे असावेत. का, ते दगडातून सांगतो.

यरगट्टीवरून बागलकोटकडे जाताना लोकापूर लागतं. त्या बाजूच्या कलादगी पट्ट्यातल्या चुनखडीत काही ठिकाणी कांदा आडवा कापल्यावर दिसतात तसे पदर दिसतात, एकात एक. दगडावर थोडं पाणी टाकलं की ते लख्ख उठतात. एकदा मी पोरांना तिथे नेऊन त्यावर बोट फिरवायला लावलं होतं. उथळ समुद्रात निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचे चिकट थर वाढत गेले, गाळ धरत गेले, त्यांचे हे ठसे. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. जगात इतरत्र असे ठसे ३५० कोटी वर्षांपूर्वीचेही मिळालेत. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची. म्हणजे पृथ्वी जरा निवली आणि जीव आला. आणि त्यानंतर? त्यानंतर जवळजवळ तीनशे कोटी वर्षं बहुतेक करून हेच. चिकट थर. डोळ्याला दिसतील असे प्राणी गेल्या साठ कोटी वर्षांतले. आपण माणसं तीन लाख वर्षांची. आणि रेडिओ वापरायला लागून दीडशे वर्षंसुद्धा झाली नाहीत.

यातून मी दोन गोष्टी उचलतो. साधा जीव लवकर येतो, तेव्हा तो इतरत्रही आला असण्याची शक्यता मला चांगली वाटते. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला, त्याचं नोबेल २०१९ ला मिळालं. आज असे बाह्यग्रह ६,००० च्या घरात गेलेत. जागेची वाण नाही. पण जीव ते बुद्धी हा रस्ता इथेच एवढा लांब, वाकडा आणि योगायोगाचा होता की प्रत्येक डबक्यातून रेडिओवाला निघेल असं मी धरणार नाही. अर्थात आपल्याकडे नमुना एकच. एका शितावरून भाताची परीक्षा करायची तर भांडं एकच आहे हे आधी ठाऊक पाहिजे. इथे भांडी किती, तेच कळत नाही.

शिवाय दोघांची वेळ जुळायला हवी. आपली आकाशगंगा बिदरपासून चामराजनगरपर्यंतच्या कर्नाटकाएवढी मानली, तर शंभर वर्षांपूर्वी सुटलेली आपली रेडिओची हाक अजून पाऊण किलोमीटरवरच गेली आहे. बिदरच्या माणसाला ती ऐकू येईल तेव्हा आपण असू का, आणि त्याची हाक इथे दहा लाख वर्षांपूर्वी येऊन गेली असेल तर ऐकायला होतं कोण?

ऐकण्याचं काम १९६० पासून चाललंय, आणि त्याचा इतिहास मला तबकड्यांपेक्षा जास्त रंगतदार वाटतो. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला १.३३ सेकंदांनी नेमके ठोके देणारा संदेश मिळाला. गमतीनं त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव दिलं, आणि निघाला गरगर फिरणारा मेलेला तारा, पल्सार. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोतल्या दुर्बिणीनं ७२ सेकंद एक जोरकस संकेत पकडला, कागदावर लाल पेनानं ‘वॉव’ लिहिलं गेलं, आणि तो परत कधीच आला नाही. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला वर्षानुवर्षं काही विचित्र संकेत मिळत होते. २०१५ मध्ये कळलं की जेवण गरम व्हायच्या आत कोणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं. या मंडळींचं मला हेच आवडतं. आधी स्वतःचं स्वयंपाकघर तपासतात.

आपले जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, याच पठडीतले. जीवाचं बी अवकाशातून येत असेल का हे बघायला त्यांच्या पुढाकारानं इस्रोनं हैदराबादहून बलून सोडले. २००५ च्या फेरीत ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली आणि त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलचं. नारळीकरांना ही कल्पना मनापासून प्रिय होती. तरीही २००९ ला निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा, हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, असंच सांगितलं गेलं. मला त्या नळ्यांपेक्षा ते वाक्य मोठं वाटतं.

अलीकडचे दोन गाजावाजे पटकन उरकतो, कारण ते तुझ्याही मोबाइलवर आले असणार. के२-१८बी हा १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह: एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं तिथल्या हवेत, पृथ्वीवर समुद्री जीव सोडतात तशा एका वायूची खूण दिसल्याचं सांगितलं. इतर गटांनी तीच मापं घेऊन शंका काढल्या. यावर घाई नको. दुसरा, ३आय/ॲटलस. १ जुलै २०२५ ला सापडलेला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पाहुणा. हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी यानाची शंका काढल्यावर व्हॉट्सॲपवर ते ‘पृथ्वीकडे येणारं यान’ झालं. तो धूमकेतू आहे, त्याला शेपूट आहे, आणि तो आपल्या सर्वांत जवळ आला तेव्हाही २७ कोटी किलोमीटर दूर होता.

तर तुझ्या काकांना माझा निरोप असा सांग: दुसरीकडे जीव असेल का, यावर मी ‘असेल’च्या बाजूला पैज लावीन. बोलणारे, यंत्र करणारे असतील का, यावर लावीन, पण थोडी, आणि ते फार लांब असतील असं धरून. ते नंदगडच्या उसावरून गेले का, यावर एक रुपयाही नाही. आणि काकांना हसू नकोस. त्यांनी दिवे खरेच पाहिले. चुकलं फक्त अंतर.

माझ्या वह्यांत अजून दोन नोंदींपुढे प्रश्नचिन्ह आहे. आता तुझ्यामुळे तिसरं पडतंय. तुझा व्हिडिओ मी पाच-सहा वेळा बघितला. रांग आग्नेयेकडे निघून गेल्यावर, अगदी शेवटच्या चार सेकंदांत, नारळीच्या झापामागून एक बारीक ठिपका उत्तरेकडून दक्षिणेकडे जातोय. तो त्या रांगेतला नाही, त्याची दिशा वेगळी आहे. बहुतेक ध्रुवांवरून फिरणारा एखादा उपग्रह असेल, पण जुळवून बघितल्याशिवाय लिहिणार नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत काढल्याची वेळ राहत नाही. तुझ्या फोनमध्ये मूळ फाइल असेल, तिथे बघून सांग: पाच वाजून किती मिनिटं झाली होती, आणि तू विहिरीकडे तोंड करून उभा होतास की रस्त्याकडे?